काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी: जुन्या गाडीचा फ्युएल गेज पुन्हा पुन्हा चुकतो तेव्हा

जुन्या जीपचा, फियाटचा नाहीतर अँबेसेडरचा पेट्रोलचा काटा चुकायला लागला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: "मीटर बदलून टाका ना भाऊ, कायले डोकं खपवून रायले?" मीटर बदललं जातं. काही दिवस बरे जातात, आणि पावसाळा लागला की काटा पुन्हा आपल्या जुन्या जागी जाऊन बसतो. मग दुसरा सल्ला येतो, फ्लोट, म्हणजे टाकीत बसणारं तरंगत्या डबीचं युनिट, बदला. तोही बदलून होतो. तिसऱ्या फेरीला मालक हात टेकतो, मागच्या सीटखाली पेट्रोलची प्लास्टिकची कॅन ठेवतो आणि काट्याकडे बघणंच सोडून देतो. मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, बंद गाडीत पेट्रोलची कॅन. यापेक्षा काटा दुरुस्त करणं स्वस्त आणि जिवाला बरं.

डॅशबोर्डातलं मीटर सहसा शेवटी बिघडतं. बिघाड बहुतेक वेळा मागे, टाकीपाशी असतो, आणि तिथेही बऱ्याचदा फ्लोटमध्ये नसून फ्लोटच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या जोडणीत असतो. तक्रार परत येते ती यामुळेच. नवीन फ्लोट बसवताना मिस्त्री चार स्क्रू खोलतो आणि आवळतो, त्या ओढाताणीत गंजलेली जागा थोडी घासली जाते, अर्थ तात्पुरता लागतो आणि सगळ्यांना वाटतं फ्लोटनं काम केलं. सहा महिन्यांत गंज परत चढतो.

यंत्रणा एवढीशी आहे. टाकीत एका दांडीच्या टोकाला तरंगणारी डबी असते. पेट्रोल वर-खाली झालं की डबी वर-खाली होते आणि दांडीचं दुसरं टोक तारेच्या गुंडाळीवरून सरकतं. गुंडाळीचा किती भाग मध्ये येतो त्याप्रमाणे रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), बदलतो. डॅशबोर्डापासून एक वायर टाकीपर्यंत येते, या गुंडाळीतून जाते आणि टाकीच्या पत्र्यातून, चासीतून बॅटरीच्या मायनसला परत पोचते. या परतीच्या वाटेसाठी जुन्या गाड्यांत बहुधा वेगळी वायर नसतेच, टाकीचा पत्रा हीच वायर. त्यामुळे टाकी आणि चासी यांच्यामध्ये रंग, गंज, चिखल, रबर, जे काही येईल ते काट्याला "रोध वाढला" असंच दिसतं.

आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. सगळ्या गाड्यांत रोध वाढला म्हणजे पेट्रोल कमी असं नसतं. काही गेज रिकाम्या टाकीला जास्त रोध मागतात आणि भरलेल्याला कमी. अमेरिकेत फोर्डच्या जुन्या पद्धतीत रिकामी ७३ ओहम आणि भरलेली १०. जनरल मोटर्सच्या पद्धतीत उलटं, रिकामी ०, भरलेली ९०. जर्मन व्हीडीओ (VDO) कंपनीच्या गेजमध्ये रिकामी १०, भरलेली १८०. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सार्वत्रिक गेजवर २४० ते ३३ लिहिलेलं असतं, म्हणजे २४० ला रिकामी. म्हणून अर्थ खराब झाला की एका गाडीचा काटा कायम रिकाम्याकडे पडून राहतो आणि दुसऱ्या गाडीचा कायम भरलेल्याकडे चढून बसतो. बिघाड एकच, लक्षणं उलटी. "माह्या गाडीत तं काटा वरच रायते, तुह्या गाडीत खाली, मंग दोन्हीचा बिघाड एक कसा?" असं कोणी विचारलं तर उत्तर हे आहे.

हत्यार हातात घेण्याआधी काट्याची चाल बघा

चावी लावल्यावर काटा कसा चढतो ते बघा. सावकाश, अर्धा मिनिट घेत चढत असेल तर तो तापणाऱ्या पट्टीचा गेज आहे. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्यावर गुंडाळलेल्या तारेतून करंट गेला की ती तापून वाकते आणि काटा ढकलते. चावी लावताच काटा टपकन उडी मारून जागेवर जात असेल आणि खड्ड्यातून जाताना हलत असेल, तर तो दोन कॉइलचा चुंबकी गेज. हे ओळखलं की पुढचं अर्धं काम होतं, कारण पट्टीच्या गेजला स्थिर व्होल्टेज लागतं आणि त्यासाठी डॅशबोर्डामागे आणखी एक भाग असतो. त्याच्याकडे नंतर येतो.

पुढचं निरीक्षण रात्री करा. गाडी उभी, चावी चालू, काटा स्थिर झाला की लाइट लावा. मग ब्रेक दाबा, इंडिकेटर द्या. इंडिकेटरच्या तालावर काटा नाचत असेल किंवा टेललाइट लावताच सरकत असेल तर मागच्या भागाचा अर्थ सामाईक आणि खराब आहे. टाकीला हात लावायची अजून गरजच नाही. बल्बच्या करंटला घराची वाट सापडत नाही म्हणून तो गेजच्या वाटेने शिरतो आहे, एवढंच.

काटा पाव ते अर्ध्याच्या मध्येच गडबडत असेल आणि टाकी भरली की बरोबर दाखवत असेल, तर गुंडाळी झिजली आहे. आपल्याकडे बहुतेक गाड्या त्याच पट्ट्यात जगतात. टाकी फुल्ल करणारा विरळाच. शंभर-दोनशेचं टाकायचं आणि तालुक्याला जाऊन यायचं. त्यामुळे गुंडाळीचा खालचा अर्धा भाग वर्षानुवर्षं घासला जातो आणि वरचा नवा कोरा राहतो.

आणि पेट्रोलचा काटा तापमानाच्या काट्यासकट दोन्ही मिळून जास्त दाखवत असतील, तर टाकीकडे जाऊच नका. बिघाड समोर, डॅशबोर्डात आहे.

अर्थिंग: सगळ्यात आधी, सगळ्यात नीट

दारव्ह्याकडच्या एका फियाटचं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं उदाहरण सांगतो. मालकाने हौसेने गाडी पूर्ण खोलून रंगवून घेतली. टाकी उतरवली, आतून धुतली, बाहेरून दोन हात काळा रंग मारला, टाकी आणि बॉडीच्या मध्ये आवाज नको म्हणून नवे रबराचे तुकडे टाकले, बोल्टसुद्धा रंगवलेले. गाडी पोळ्याच्या आधी नव्यासारखी चमकत बाहेर आली आणि काटा मेला. रंगाऱ्याचं काम इतकं चोख होतं की टाकीचा पत्रा बॉडीला कुठेच टेकत नव्हता. हौसेने दुरुस्त केलेल्या जुन्या गाड्यांमध्ये हा बिघाड इतका सामान्य आहे की रंग झाल्यावर काटा मेला असं कोणी म्हटलं की मी पुढचं विचारत नाही.

तपासणी सोपी. एक लांब वायर घ्या. तिचं एक टोक आधी टाकीवरच्या फ्लोटच्या चकतीला, म्हणजे फ्लोट जिच्यावर बसवलेला असतो त्या पत्र्याला, खरवडून उघड्या केलेल्या धातूला पक्कं लावा. दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला लावा. हा क्रम मुद्दाम सांगतो आहे: ठिणगी पडलीच तर ती टाकीपासून दूर पडावी. आता चावी फिरवा. काटा सुधारला तर रोग सापडला. मल्टीमीटर असेल तर चावी चालू ठेवून फ्लोटची चकती आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढा वाटेत गळतो आहे. नुसता ओहम मोजून फसायला होतं, कारण गंजलेला सांधा मीटरच्या बारीक करंटला वाट देतो आणि खऱ्या कामाच्या वेळी अडवतो.

ही तात्पुरती वायर कायमची करणं हाच पक्का इलाज. टाकीचे बोल्ट घासत बसू नका, ते पुढच्या पावसाळ्यात परत गंजणार. फ्लोटच्या एका स्क्रूखाली रिंग लावलेली काळी वायर घ्या आणि ती चासीच्या जवळच्या बोल्टला न्या. चासीवर रंग काढून पत्रा चकाकेपर्यंत घासा, दातेरी वायसर टाका, आवळा आणि मग वरून ग्रीस नाहीतर व्हॅसलिन चोपडा. आधी ग्रीस आणि मग वायसर असा उलटा क्रम करू नका. आपल्या काळ्या मातीचा चिखल एकदा टाकीच्या पट्ट्यात शिरला की दिवाळीपर्यंत ओल धरून बसतो, आणि पांदण रस्त्याने फिरणाऱ्या गाडीला तर दरवर्षी नवा लेप मिळतो.

बॅटरीपासून चासीला आणि इंजिनपासून चासीला जाणाऱ्या जाड पट्ट्याही एकदा बघून घ्या.

टाकीपाशी वायर काढून बघण्याची परीक्षा

अर्थ चांगला निघाला तरी काटा चुकतोच आहे, तेव्हा दोष मीटरकडे आहे की फ्लोटकडे हे ठरवायचं. चावी बंद करा. फ्लोटवरची वायर काढून बाजूला मोकळी ठेवा, कुठे टेकू देऊ नका. आता चावी लावा आणि काटा बघा. तो एका टोकाला जायला हवा. चावी बंद. त्या वायरला दहा-एक ओहमचा रोधक (रेझिस्टर) जोडून त्याचं दुसरं टोक चासीला लावा, टाकीपासून जमेल तितकं दूर. पुन्हा चावी. काटा विरुद्ध टोकाला जायला हवा. रोधक न लावता वायर सरळ चासीला टेकवून ठेवण्याची सवय मिस्त्री लोकांना असते. क्षणभर चालतं, पण पट्टीच्या गेजमधली बारीक तार तशी जास्त वेळ ठेवली तर जळू शकते, आणि मग मीटर खरंच बदलावं लागतं.

दोन्ही टोकं मिळाली तर मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष. दोष फ्लोटमध्ये. काटा हललाच नाही तर हीच परीक्षा मीटरच्या मागच्या टर्मिनलवर करा. तिथे हलला म्हणजे मधली वायर तुटली आहे. गोठ्याशेजारी, कुटाराच्या खोलीला लागून गाडी उभी राहत असेल तर उंदरांवर पहिला संशय घ्या. वायरचं वरचं आवरण शाबूत दिसतं आणि गालिच्याखाली हातभर तुकडा गायब असतो.

टाकी उघडताना

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. त्यामुळे गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी घेऊन हे काम करू नका. उघड्या जागी, सकाळच्या वेळी, बॅटरीचा मायनस काढून करा. पेट्रोल धातूच्या डब्यात काढा आणि डबा जमिनीवर ठेवून काढा, प्लास्टिकच्या कॅनवर स्थिर वीज साचते. विडीवाला मदतनीस असेल तर त्याला चहा आणायला पाठवा.

विलीज धाटणीच्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, त्यामुळे ते काम सोपं. बाकी गाड्यांत डिकीचा पत्रा नाहीतर टाकीच उतरवावी लागते. फ्लोट काही ठिकाणी स्क्रूंनी बसवलेला असतो, काही ठिकाणी फिरणाऱ्या कड्याने. कडं ठोकून फिरवायचं असेल तर लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा वापरा, लोखंडी छिन्नी नको. उघडण्याआधी चकतीभोवतीची माती ब्रशने झाडा, नाहीतर ती सगळी टाकीत जाते आणि पुढचा महिनाभर कार्ब्युरेटर साफ करण्यात जातो. चकती कोणत्या दिशेला होती याचा फोटो काढून ठेवा. स्क्रूंची भोकं पुष्कळदा सारख्या अंतरावर नसतात, चकती एकाच दिशेने बसते, पण ती कोणती हे उताणं पडून शोधण्यात वेळ जातो.

फ्लोट बाहेर आला की आधी डबी कानाशी धरून हलवा. आत डुबुक वाजलं तर डबीत पेट्रोल शिरलं आहे. अशी डबी अर्धवट बुडून तरंगते आणि टाकी भरलेली असली तरी काटा वर जात नाही. पितळी डबीचं बारीक छिद्र डोळ्यांना दिसत नाही. कडक गरम पाण्यात बुडवली की आतली हवा फुगते आणि छिद्रातून बुडबुडे येतात. पाणी आधी चुलीवरून उतरवून लांब आणा, डबी चुलीजवळ नेऊ नका. डाग द्यायचाच, म्हणजे कथलाने छिद्र बुजवायचंच असेल तर दुसरं बारीक भोक पाडून आतलं पेट्रोल पूर्ण काढा, उन्हात ठेवा, साबणाच्या गरम पाण्याने आतून धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत. मग ज्योत न वापरता कावियाने (सोल्डरिंग आयर्नने) मूळ छिद्र बंद करा, डबी थंड होऊ द्या आणि पाडलेलं भोक शेवटी बंद करा. दोन्ही एकदम गरम असताना बंद करायला गेलात तर आतली हवा डाग फोडून बाहेर येते. कथील जास्त घालू नका, वजन वाढलं की डबी खोल तरंगते. खरं सांगायचं तर नवी डबी मिळत असेल तर एवढा उपद्व्याप करू नये.

डबीच्या जागी थर्माकोल कापून लावण्याचा सल्लाही कोणीतरी देतंच. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. टाकीत चिकट गाळ होतो, तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो आणि मग काटा ही सगळ्यात छोटी अडचण उरते.

बऱ्याच जुन्या गाड्यांत डबी बुचाच्या लाकडाची असते, वर लाखेचा हात दिलेला. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. २०२३ च्या फेब्रुवारीपासून पंपांवर ई-२० पेट्रोल यायला लागलं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि आता ते सगळीकडे आहे. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. लाख गेली की बूच पेट्रोल पितं, जड होतं, बुडतं. पूर्वी वर्षानुवर्षं टिकलेली डबी अलीकडेच का बुडायला लागली याचं कारण हे असू शकतं. अशी डबी पुन्हा लाखेने रंगवण्यात अर्थ नाही. इथेनॉल सोसणारी कडक फोमची डबी किंवा डाग न दिलेली पितळी डबी बसवा.

इथेनॉलचा दुसरा त्रास पाण्याचा. ते हवेतली ओल ओढून घेतं. चार महिने शेडमध्ये अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत पुरेसं पाणी जमलं की ते पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. नेमका तिथेच फ्लोटचा खालचा भाग असतो. तांब्याच्या वायरीवर हिरवा थर चढतो, टाकीचा पत्रा गंजतो आणि गंजाची पूड गुंडाळीत अडकते. गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, आत हवेला जागा कमी राहते. डिझेल जीपमध्ये हा प्रकार नाही, पण तिथे तळाला काळा चिकट गाळ होतो आणि दांडीचा सांधा त्यात जाम होतो. काळी-पिवळी चालवणाऱ्या एका दादांची कमांडर जीप अशीच होती. काटा अर्ध्याच्या खाली उतरायचाच नाही. दांडी बोटाने दाबली तरी खाली जाईना. केरोसीनमध्ये रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी मोकळी.

आता गुंडाळी. मल्टीमीटर ओहमवर ठेवा, एक टोक टर्मिनलला, एक चकतीला, आणि दांडी अगदी सावकाश खालून वर न्या. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच "अनंत" दाखवलं तर तिथे तार तुटली आहे किंवा सरकणारं टोक टेकत नाही. या कामाला जुन्या काट्याचा मल्टीमीटर बरा, डिजिटलचा आकडा स्थिर होईपर्यंत दांडी पुढे गेलेली असते. बहुतेक युनिटांना पत्र्याचं झाकण असतं, कानं वाकवून ते उघडतं. आत काजळी आणि हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करा. पॉलिश पेपर घासू नका, तार केसासारखी असते. झीज एकाच रेषेत झालेली असेल तर सरकणारं टोक किंचित बाजूला वाकवा, ते गुंडाळीच्या न झिजलेल्या भागावरून चालायला लागतं. हा जुगाड नव्हे, चांगली दुरुस्ती आहे, आणि बरीच वर्षं टिकते. सरकणाऱ्या टोकाचा दाब अगदी हलका हवा.

परत बसवताना नवीन गॅस्केट वापरा, पेट्रोल सोसणारं. साधा सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतो आणि सुटतो. आणि ती काळी अर्थिंगची वायर स्क्रूखाली लावायला विसरू नका. गॅस्केट नवीन आणि जाड असलं की चकती टाकीपासून अजूनच तुटते.

दुसऱ्या गाडीचा फ्लोट

मूळ फ्लोट मिळत नाही. प्रीमियरच्या फियाट बंद होऊन दोन दशकं उलटली, हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्यात अँबेसेडर २०१४ मध्ये थांबवली. नागपूर-अमरावतीच्या जुन्या मालाच्या दुकानात "हा बसते, घेऊन जा" म्हणून काहीतरी हातात पडतं. चकती बसतेही. पण रोधाचे आकडे जुळत नसतील तर काटा कधीच बरोबर येणार नाही, कितीही अर्थिंग करा. दुकानातच मल्टीमीटर लावून दांडी दोन्ही टोकांना नेऊन आकडे घ्या आणि जुन्या फ्लोटशी ताडून बघा. जुना मेला असेल तर आपल्या गेजला वेगवेगळे रोधक जोडून कोणत्या आकड्याला काटा रिकाम्यावर आणि कोणत्याला भरलेल्यावर येतो ते आधी काढून ठेवा.

रोधक जोडून न जुळणारा फ्लोट जुळवता येतो असं पुष्कळजण सांगतात. हिशेब करून बघू. गेज मागतो रिकामी ७३, भरलेली १०. हाती आला २४० ते ३३ चा फ्लोट. त्याच्या समांतर १०० ओहम जोडला तर रिकाम्या टाकीला जवळपास ७१ येतो, छान. भरलेल्या टाकीला मात्र २५ येतो, १० नाही. म्हणजे फुल्ल टाकीला काटा पूर्ण वर चढणार नाही. रिकामं टोक बरोबर आहे आणि रस्त्यात थांबवणारं टोक तेच असल्यामुळे नाइलाज असेल तर मी एवढं चालवून घेईन. पण जर फ्लोटची दिशाच उलटी असेल, म्हणजे गेजला भरल्यावर कमी रोध हवा आणि फ्लोट भरल्यावर जास्त देतो, तर जगातला कोणताही रोधक ते सरळ करू शकत नाही. तो फ्लोट परत करा.

गावातल्या वेल्डरकडून नवी टाकी बनवून घेतली असेल तर खोली मोजा. आतले पडदे दांडीच्या वाटेत आले की डबी त्यांना अडकते, आणि टाकी मूळच्यापेक्षा उथळ असेल तर डबी तळाला टेकल्यावरही काटा पाव दाखवत राहतो. टाकी प्लास्टिकची बसवली असेल तर अर्थिंगची वायर लागणारच, तिथे पत्राच नाही.

दोन्ही काटे एकदम चढले तर

पट्टीच्या गेजच्या गाड्यांत मीटरच्या मागे बोटभर पत्र्याचा डबा असतो, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत तो सरासरी १० व्होल्ट देतो. आतली पट्टी तापून करंट तोडते, थंड होऊन जोडते, असं सतत चालतं. म्हणून त्याच्या आउटपुटला टेस्ट लॅम्प लावला तर तो लुकलुकायला हवा. सतत पेटून राहिला तर संपर्क चिकटला आहे किंवा डब्याचा स्वतःचा अर्थ गेला आहे. मग गेजना बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मिळतं, पेट्रोल जास्त दिसतं, इंजिन गरम दिसतं, रेस दिली की दोन्ही आणखी चढतात. डब्याचा स्क्रू काढून जागा घासा, परत आवळा. तेवढ्याने न झाल्यास ७८१० हा स्थिर दहा व्होल्ट देणारा आयसी (चिप) लावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, किंमत चहा-नाश्त्याइतकी. अक्षरं आपल्याकडे धरली तर डावा पाय इनपुट, मधला अर्थ, उजवा आउटपुट. त्याचा पत्रा मधल्या पायालाच जोडलेला असतो, त्यामुळे तो सरळ बॉडीवर बोल्ट करता येतो आणि थंडही राहतो. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. फार जुन्या ब्रिटिश गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तिथे ७९१० लागतो, त्याच्या पायांचा क्रम वेगळा आहे आणि त्याचा पत्रा बॉडीला टेकवायचा नसतो.

मापून खुणा करणं

सगळं झाल्यावरही "अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी" असं गृहीत धरू नका. टाकी तळाला निमुळती असेल तर वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल धरतो. काटा अर्ध्यापर्यंत निवांत येतो आणि तिथून सुसाट खाली जातो. दोष कोणाचाच नाही, टाकीच्या आकाराचा आहे. पंपवाल्याने कमी टाकलं असा आरोप करण्याआधी हे तपासून घ्यावं. शंका राहिलीच तर प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं, ते मागा. मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

टाकी पूर्ण रिकामी असताना, गाडी सपाट जागी उभी करून, पाच-पाच लिटर टाकत जा. प्रत्येक वेळी चावी लावून मिनिटभर थांबा आणि काटा कुठे आला ते लिहा. शेताच्या धुऱ्यालगत तिरप्या उभ्या गाडीत हे करू नका, डबी एका बाजूला असल्यामुळे तिरप्या जागी आकडा कितीतरी सरकतो. टाकीचं तोंड सरळ असेल तर याच वेळी बांबूच्या काडीवर प्रत्येक पाच लिटरला खाच पाडून ठेवा. नळी वाकडी असेल तर काडी जाणार नाही, तिथे कागदावरचा तक्ता डॅशबोर्डाच्या खणात चिकटवा.

रिकाम्याची खूण कुठे यावी हे दांडी किंचित वाकवून ठरवता येतं. माझ्या मते काटा रिकाम्यावर आला की टाकीत निदान पाच लिटर उरलेलं असावं. तालुक्याच्या आसपास फिरणाऱ्याला कमी चालेल. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालवरून धारणीला जाणाऱ्याने थोडं जास्तच ठेवावं. घाटातल्या चढावर पेट्रोल मागे सरकतं, टाकीत असूनही नळीच्या तोंडापर्यंत पोचत नाही, आणि तिथे रात्री हात दाखवून थांबवायला दुसरी गाडी मिळेलच असं नाही.

चुंबकी गेजचा काटा पांदणीत हलतच राहणार. आत पेट्रोल उसळतं, डबी नाचते, काटा तिच्यामागे. डांबरी रस्त्यावर आल्यावर दोन मिनिटांत स्थिर होत असेल तर त्याला बिघाड समजू नका, आणि तेवढ्यासाठी टाकी परत उघडू नका.